बुसानमध्ये मुक्काम कुठे करावा : जुंग-गु की हेउंदे?

दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात तीन-चार दिवसांसाठी जाणाऱ्यांचा मुक्कामाचा प्रश्न बहुधा दोन विभागांपाशी येऊन अडतो : बंदरालगतचा जुना जुंग-गु आणि पूर्वेकडचा, पुळणीचा व उंच मनोऱ्यांचा हेउंदे.

जुंग-गुचे क्षेत्रफळ तीन चौरस किलोमीटरही भरत नाही, त्यामुळे तिथे बहुतेक फिरणे पायीच होते. कोरियन युद्धाच्या काळात बुसान ही तात्पुरती राजधानी होती, आणि तेव्हा आलेल्या निर्वासितांनी पोटापाण्यासाठी मांडलेल्या विक्रीतूनच गुक्जे बाजार वाढला. जागाल्चीच्या मासळी बाजारात तळमजल्यावर टाकीतला जिवंत मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर वेगळे पैसे देऊन तो कापून किंवा शिजवून घ्यायचा, अशी पद्धत आहे. दोन्ही ठिकाणचे दर आधीच विचारून घेतलेले बरे. गाल्ची हा तिथला लोकप्रिय मासा आपल्या वाकटीच्याच कुळातला असल्याने कोकणी माणसाला फार परके वाटणार नाही. शाकाहाऱ्यांनी मात्र भाजीच्या रश्शातही सुक्या मासळीचे पाणी असू शकते, हे लक्षात ठेवावे.

हेउंदेचे आकर्षण म्हणजे सुमारे दीड किलोमीटरची पुळण, डोंगबेक बेटावरची पायवाट आणि मिपोपासून जुन्या रेल्वेमार्गावरून समुद्राकाठाने धावणारी पर्यटक गाडी. ४११ मीटर उंचीचा एलसीटी मनोरा पुळणीला अगदी खेटून उभा आहे, आणि माझ्या मते त्याने किनाऱ्याची शोभा काही वाढवलेली नाही. १९९६ साली नाम्पो-दोंगमध्ये, म्हणजे जुंग-गुत, सुरू झालेल्या चित्रपट महोत्सवाचे मुख्य केंद्रही आता हेउंदेतल्या सिनेमा सेंटरमध्ये आहे.

सोलहून रेल्वेने येणाऱ्याला बुसान स्थानकापासून नाम्पो मेट्रोने दोनच थांब्यांवर आहे. हेउंदेला जाताना सोम्योनला गाडी बदलावी लागते आणि पाऊण तास सहज जातो. तरीही बरोबर लहान मुले किंवा गुडघे दुखणारी वडीलधारी माणसे असतील, अथवा बेक्स्को प्रदर्शन केंद्रात काम असेल, तर हेउंदेच घ्यावे, कारण जुंग-गुच्या गल्ल्या चढाच्या आणि पायऱ्यांच्या आहेत. इतरांनी जुंग-गुत राहून हेउंदेला एक दिवस द्यावा, हे मला अधिक पटते. जुलै-ऑगस्टमध्ये तर हेउंदेतील खोल्यांचे भाव इतके चढतात की समुद्रात उतरण्याची खास हौस नसल्यास तिथे राहण्यात अर्थ नाही.