खुडूक कोंबडी की उबवणी यंत्र?
मेहुण्याला दहा-बारा गावरान पिल्लं हवीत. यंत्र घेऊ का, विचारतोय.

अंडी उबायला दिवस दोन्हीकडे २१च. खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या कोंबडीला डालगं (टोपली), भुसा आणि मूठभर कण्या पुरतात. यंत्राला ३७.५ अंश सतत लागतात. लाइट गेली की आम्ही त्यावर गोधडी टाकून बसायचो! पुढे पिल्लांना बल्बची ऊबही आपणच द्यायची. कोंबडी पंखाखाली घेते. घार दिसली की तिचा एकच आवाज, अंगण रिकामं. मात्र दोन-तीन महिने ती अंडी देत नाही, आणि खुडूक कधी होईल ते तिच्या मर्जीवर.

या पिल्लांचं पहिलं अंडं कसंही सहाव्या महिन्याच्या आसपासच.

घरापुरती हवीत तर कोंबडीच बसव. पन्नास-शंभर विकायची असतील तर यंत्र, पण इन्व्हर्टरसकट.