एनआयसीयूसाठी घेतलेला व्हाइट बोर्ड, वर्षभर वापरून लिहितेय

४ बाय ३ फुटाचा मॅग्नेटिक बोर्ड आहे, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम. मी रत्नागिरी जिल्ह्यात एका एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, स्टाफ नर्स आहे, सहा बेडचं युनिट, गुहागर दापोलीकडची पण बाळं येतात. आधीचा स्वस्तातला बोर्ड एका पावसाळ्यात फुगून कडेने सुटला, मागे हार्डबोर्ड होता ना, आपल्याकडच्या हवेत तो टिकतच नाही. हा पत्र्याचा आहे, अजून कुठे गंज नाही.

का घेतला ते सांगते. आमच्याकडे ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायची बाळांची माहिती, तोंडीच द्यायचो. रात्री आठला दमलेली सिस्टर दुसरीला सांगतेय, मध्येच मॉनिटर वाजतोय, बाहेर नातेवाईक काच वाजवतायत, असंच चालायचं. एकदा १२०० ग्रॅमच्या बाळाला जेंटामायसिन हे अँटिबायोटिक ३६ तासांनी द्यायचं होतं ते २४ तासांनीच गेलं. एवढ्या लहान बाळाची किडनी औषध हळूहळू बाहेर टाकते म्हणून डोसमध्ये अंतर ठेवतात, नाहीतर किडनीला आणि कानाला धोका. बाळ ठीक राहिलं, कानाची तपासणी पण नॉर्मल आली, पण ती रात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो. आणि त्याहून वाईट म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीला सिरिंज भरतानाच शंका आली होती, ती बोलली नाही, कारण आदल्याच आठवड्यात काहीतरी विचारलं म्हणून सगळ्यांसमोर तिला ओरडा बसला होता. तेव्हा आम्ही सगळ्या तिथे होतो आणि एकीनेही तिची बाजू घेतली नाही.

आता बोर्डावर बेड नंबर, वजन, फीड, पुढच्या अँटिबायोटिकची वेळ असं सगळं असतं आणि ओव्हर बोर्डासमोर उभं राहूनच होतो. घेणारीने ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. कांगारू केअरचे, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचे, तास पण लिहितो. ही पद्धत १९७८ साली कोलंबियात बोगोटाला सुरू झाली, तिथे इनक्यूबेटर पुरत नव्हते, आणि आता डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाला किमान ८ तास, जमलं तर २४ च्या जवळ. तास डोळ्यासमोर दिसायला लागल्यापासून आया स्वतःहून विचारतात, "सिस्टर, माझे आज पाचच झाले ना, जेवून परत बसू?" डोळ्याच्या तपासणीची तारीख पण त्यातच. ३४ आठवड्यांच्या आधीचं किंवा २ किलोच्या आतलं बाळ असेल तर ४ आठवड्यांच्या आत पडदा बघायलाच हवा, आणि एकदा गावाला गेले की माणसं विसरतात हो.

पण सगळ्यात कामाचा शेवटचा रकाना, त्यावर फक्त "शंका" लिहिलंय. कोणालाही काही खटकलं की तिथे लिहायचं, आणि राउंडला डॉक्टर सरांनी तो मोठ्याने वाचून उत्तर द्यायचंच, हा नियम इन्चार्ज सिस्टरनी सरांकडून कबूल करून घेतला. गणपतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट, झाडूपोछा करणाऱ्या मावशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पाच नंबरचं बाळ आज गप गप वाटतंय, काल पाय किती मारत होतं." मी त्यांच्या नावाने लिहिलं. सरांनी वाचलं, बाळाला हात लावून बघितलं, पाय गार होते, लगेच ब्लड कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) पाठवून अँटिबायोटिक सुरू केलं. इन्फेक्शनच निघालं. बाळ घरी गेलं तेव्हा सरांनी मावशींना पुढे बोलावून आईला सांगितलं की आधी यांच्या लक्षात आलं. मावशी पदराने डोळे पुसत होत्या, आम्ही पण.

रात्री तीनला सरांना फोन करायचा तर आता भीती वाटत नाही, बोर्डाच्या कोपऱ्यात चार ओळी कायमच्या आहेत, आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, काय करायला हवं. मुळात ही रीत अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरची, तिथून हॉस्पिटलमध्ये आली. तिसरी ओळ मला सगळ्यात आवडते, नर्सला काय वाटतं ते विचारतंय कोणीतरी.

घेणार असाल तर रकान्यांच्या रेघा मार्करने मारू नका, हँडरब (हात निर्जंतुक करायचं अल्कोहोलचं द्रावण) लागलेल्या हाताने परमनंट मार्कर पण पुसला जातो, बारीक काळी चिकटपट्टी लावा. कापडी डस्टर युनिटमध्ये नको, टिश्यू वापरा. मार्कर सगळ्यांच्या हातातून फिरतो म्हणून बाळाला हात लावायच्या आधी परत हँडरब, हे आम्हाला उशिरा सुचलं. बाळांची नावं लिहू नका, काचेतून बाहेरच्यांना दिसतं, बेड नंबर पुरतो. सोबत आलेला मार्करचा ट्रे मात्र अगदीच तकलादू, महिन्यात तुटला, त्याचा अर्धा स्टार कापते, ५ पैकी साडेचार. आणि मार्कर जूनच्या आधीच जास्तीचे भरून ठेवा, परशुराम घाट बंद झाला की मुंबईहून माल यायला फार वेळ लागतो.