पॅन अ‍ॅम गेमचा सेकंडहँड डबा घेताय? थांबा जरा

बेळगाव, निपाणी, खानापूरकडं जुने बोर्ड गेम मागवणाऱ्यांनी हे वाचाच, कारण मला फसवलेला माणूस अजून विकायलाय.

गेम पॅन अ‍ॅम, फंको गेम्सनं २०२० ला काढलेला. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, साल १९२७, विमान कंपन्या नुकत्या सुरू व्हायल्यात, टपाल वाहून पोट भरायचे ते दिवस (आपल्याकडं जेआरडी टाटांनी १९३२ ला कराचीहून टपाल आणलं तसंच), तुमची एक छोटी कंपनी, शहरं जोडत मार्ग काढायचे, आणि पॅन अ‍ॅम ही मोठी अमेरिकन विमान कंपनी मायामीहून पसरत येऊन तुमचा मार्ग विकत घेते. मार्ग गेला म्हणून रडत बसायचं नाही, त्याच पैशातनं तिचे शेअर घ्यायचे. सात फेऱ्या झाल्या की ज्याच्याकडं शेअर जास्त तो जिंकला, हातातली रोकड, विमानं, कशालाच किंमत नाही. खरी पॅन अ‍ॅम १९९१ ला बुडाली तो भाग वेगळा. एवढं सांगायलोय कारण त्या गड्यानं हात मारला तो नेमका शेअरवरच.

विकणारा बेंगळूरचा म्हणे. हिंदीत लई गोड बोलायचा, ब्रदर ब्रदर करत, एकदाच खेळलोय म्हणाला, सगळं आहे काय विचारलं तर हंड्रेड परसेंट. कुरियर धरून ३२०० ठरले, पैसे आधी. फोटो पाठवले ते डब्याचे, मांडलेल्या बोर्डाचे आणि विमानांचे, गेममधल्या पत्त्यांचा, म्हणजे कार्डांचा, एकही नाही.

डबा आला, टिळकवाडीत मित्राच्या घरी चौघं बसलो. बोर्ड ओरिजिनल, ट्रायमोटरपासून जेटलायनरपर्यंत विमानं चकाचक. आणि शेअरचे पत्ते? कलर झेरॉक्स, जाड कागदावर चिकटवलेले, कात्री तिरकी गेलेली. शहरांचे पत्ते तर निम्मेच. आता या गेममध्ये मार्ग घ्यायचा तर दोन्ही टोकांना उतरायची सोय लागते आणि ती बहुतेक वेळा त्या पत्त्यांतनंच होते, म्हणजे दुसऱ्या तिसऱ्या फेरीतच सगळे अडकून बसले. इव्हेंटचे पत्तेही अर्धे गायब, शेअरचा भाव हलवायचा कशानं? मित्राची आई म्हणाली, अरे पत्ते कमी असले तर रमी खेळा की!

खरा प्रकार नंतर कळला. ओळखीतनं कोल्हापूरच्या एकाशी बोलणं झालं, त्यानंही त्याच माणसाकडनं घेतलेला. त्याच्याकडं पत्ते ओरिजिनल पण बोर्ड फ्लेक्सवर छापलेला आणि विमानं मोजकीच. म्हणजे एका डब्याचे दोन करून विकलेत पठ्ठ्यानं, दोघांकडनं पूर्ण पैसे घेऊन.

फोन केला तर आवाज चढवला नाही की काही नाही, लगेच सॉरी ब्रदर, रिफंड देतो म्हणाला, आणि क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. मी स्कॅन केलं तर स्क्रीनवर माझ्याच खात्यातनं ३२०० जाणार असं दाखवायलंय. पैसे यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवा. मी नाही म्हटल्यावर ब्लॉक.

मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन लावला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, पोलिसांत द्यायचा अर्ज शेजारच्या काकांनी कन्नडात लिहून दिला. एक करा, १९३० ला फोन लगेच लावा, पैसे त्याच्या खात्यातनं पुढं सरकायच्या आत बँकेला थांबवता आले तर येतात, मी डब्याचं भांडण करण्यात वेळ गेल्यावर लावला.

घ्यायचाच असेल तर व्हिडिओ कॉलवर पत्ते मोजायला लावा. नियमपुस्तिकेत सगळ्या सामानाची यादी असते, ती समोर धरून, आधी शेअर, मग शहरं, मग इव्हेंट. बोर्ड दाखवतो म्हणाला तर बोर्ड राहू दे म्हणा. टाळाटाळ करायला लागला तर सोडून द्या, गेम परत मिळतोय कुठंतरी.

तक्रारीचा नंबर मिळालाय, पैसे नाहीत. तो गडी नाव बदलून परत जाहिरात टाकायलाय, फोटो मात्र तेच आहेत, बोर्डाखाली निळी चटई आणि डाव्या कोपऱ्यात ती जळालेली दिसते, तेवढं बघा.