टँकर का स्वतःची विहीर? छोट्या नेटवाल्यानं आयपी कुठून घ्यावेत

तालुक्याच्या गावात हजार-दीड हजार कनेक्शन झाले की हा प्रश्न येतोच. उदगीरच्या मित्राला परवा फोनवर जे सांगितलं तेच इथं लिहायलोय.

आयपी म्हणजे नेटवरचे नंबरी पत्ते. ते वरच्या प्रोव्हायडरकडून, म्हणजे ज्याच्याकडून आपण नेट घेतो त्या अपस्ट्रीमकडून घेतले तर ते टँकरचं पाणी. आज फोन केला की उद्या येतं, कागदपत्रांची कटकट नाही, पण टँकरवाला बदलला की टाकी रिकामी. माझंच झालं ना, रेट परवडेना म्हणून अपस्ट्रीम बदलला, त्यानं पत्ते परत घेतले आणि लातूरातल्या ज्या ज्या क्लासवाल्यांना सीसीटीव्हीसाठी स्टॅटिक म्हणजे न बदलणारे आयपी दिले होते त्या सगळ्यांच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात, जाऊन नवे नंबर टाकत बसलो, ते पण ऐन ॲडमिशनच्या सीझनमध्ये. लई शिव्या खाल्ल्या.

स्वतःची विहीर म्हणजे आयरिनकडून पत्ते घेणं. आयरिन ही निक्सी या भारतातल्या इंटरनेट संस्थेची रजिस्ट्री, म्हणजे पत्ते वाटून त्यांची नोंद ठेवणारं ऑफिस, २०१२ पासून चालू. लायसन, नेटवर्कचा आराखडा वगैरे द्यावं लागतं, पण पत्ते तुमच्या नावावर, मग अपस्ट्रीम कितीही बदला. मिळतात मात्र जास्तीत जास्त ५१२. हसू नका, जगाचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला, आता उरलेला गाळ उपसून वाटायलेत. ५१२ म्हणजे २५६ चे दोन तुकडे, त्याहून लहान तुकडा बाहेरचे राउटर सहसा घेतच नाहीत, म्हणजे दोन अपस्ट्रीमवरून एकेक तुकडा चालवता येतो. बाकी गिऱ्हाईकांना सीजीनॅट, म्हणजे एका पत्त्यामागं अनेक गिऱ्हाईकं, स्टॅटिक फक्त मागेल त्याला. आणि व्ही-सिक्स, म्हणजे नव्या पद्धतीचे भरपूर असलेले पत्ते, सोबत घ्याच.

मग थेट एपनिकच का नको? ही आशिया-पॅसिफिकची रजिस्ट्री, आयरिन तिच्याच हाताखाली. ब्रिस्बेनला ऑफिस, बिल ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये, आयरिनचं रुपयात. वाटपाचे नियम जवळपास तेच. फरक मताचा, एपनिकचे थेट मेंबर झालात तर निवडणुकीत मत मिळतं, पण ते पण वजनानं, अगदी लहान मेंबरला २ आणि सगळ्यात मोठ्याला ६४. हे मला पटत नाही. आपल्याकडं सोसायटीत शेअर कितीही असू दे, मत एकच ना? युरोपची रजिस्ट्री राइप एनसीसी, तिथं तसंच आहे, एक मेंबर एक मत, पण तिथं फी पण सगळ्यांना सारखी, म्हणजे दोन खोल्यांच्या घराला आणि लॉजला एकच नळपट्टी. एपनिकची फी पत्त्यांच्या हिशोबानं वाढते, पण पत्ते दुप्पट झाले म्हणून फी दुप्पट होत नाही, मोठ्याला एकेक पत्ता स्वस्तच पडतो. माझं म्हणाल तर पट्टी मीटरनं घ्या आणि मत माणशी एक द्या. नियम ठरवायच्या चर्चेत मात्र मेंबर नसलेला पण बोलू शकतो, हे बरंय.

फी कशाला, नंबर तर फुकटचे, असं मित्र म्हणला. अरे बाबा, ती नंबराची किंमत नाही, सातबारा सांभाळायची पट्टी आहे, कुठला पत्ता कुणाच्या नावावर ही नोंद बिघडली की तुझा ब्लॉक दुसराच कुणीतरी वापरायला लागेल. मॉरिशसमधल्या आफ्रिनिकचं, म्हणजे आफ्रिकेच्या रजिस्ट्रीचं बघ, एका मोठ्या पत्तेवाल्याशी कोर्टकज्जे सुरू झाले, २०२१ मध्ये बँक खाती गोठली आणि २०२३ मध्ये कोर्टानं कारभार बघायला रिसीव्हर नेमला.

राहिला बाजार, म्हणजे दुसऱ्याचे पत्ते विकत घेणं. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं दिवाळं निघालेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले, पत्त्याला सव्वाअकरा डॉलर, नंतर भाव अजून चढले. आपल्यासारख्याला हा नाद परवडत नाही, आणि आधीच्या मालकानं स्पॅम पाठवलेला असला तर ब्लॅकलिस्ट पण आपल्याच गळ्यात.

मित्राला म्हणलं आयरिनचा अर्ज भर. पण टँकर लगेच बंद करू नको, दोन महिने दोन्ही चालव आणि डीव्हीआर एकेक करून बदलत जा.