इंडियन ओशनच्या सात ध्वनिमुद्रिका : कोणती आधी ऐकावी, कोणती विकत घ्यावी

दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडची ओळख आपल्याकडे बहुतेकांना 'अरे रुक जा रे बंदे' या एका गाण्यापुरतीच असते, आणि ज्यांची ओळख त्याहून जुनी आहे त्यांचे घोडे 2000 साली आलेल्या 'कंदिसा'पाशी अडलेले असते. प्रत्यक्षात या बँडचा पसारा तीस वर्षांहून मोठा आहे. 1993 ते 2023 या काळात त्यांच्या सात ध्वनिमुद्रिका आल्या. चित्रपटांसाठी केलेले काम वेगळेच. यांतली एखादी विकत घ्यायची असेल, किंवा मोबाइलवर ऐकायला कुठून सुरुवात करावी असा प्रश्न पडला असेल, तर त्या वाचकासाठी हे परीक्षण आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. या बँडचे बळ शब्द सुरू होण्यापूर्वीच्या जागेत आहे. ती जागा त्यांनी जिथे मोकळी ठेवली तिथे त्यांच्या तोडीचे दुसरे कोणी नाही, आणि जिथे ती भरून टाकली तिथे ते चांगले वाजवतात खरे, पण चारचौघांसारखे वाटू लागतात.

मिरजेत राहणाऱ्याला हे म्हणणे सहज पटावे. इथे तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीच्या माथ्यावर कानस फिरवतो ती अगदी केसभर, कारण तार घोडीला किती अंतर चाटून जाते यावर सूर पसरणार की जागच्या जागी विझणार हे ठरत असते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या कारागिरीचे मर्म गावाला आधीपासून ठाऊक होते : वाद्य वाजवून झाल्यावर मागे काय उरते ते महत्त्वाचे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या गावी राहिले आणि जिथे दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते, त्या गावाला त्यांच्या किराणा गायकीची संथ बढत, म्हणजे राग हळूहळू उलगडत नेणे, परकी नाही. अशा श्रोत्यापुढे एखाद्या बँडने चार-पाच मिनिटे एकही शब्द न उच्चारता सुरावट फुलवत ठेवली, तर त्याने घड्याळाकडे पाहण्याचे कारण नाही.

सुष्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी 1990 मध्ये हा बँड उभा केला. सुष्मित गिटार वाजवत. असीम तबला वाजवता वाजवता गात. 1991 मध्ये राहुल राम बास गिटार घेऊन आले आणि 1994 मध्ये अमित किलम ड्रम्सवर बसले. यातल्या राहुल राम यांचा पूर्वेतिहास संगीताच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे, कारण अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. केलेला हा माणूस नर्मदा खोऱ्यातील धरणविरोधी आंदोलनात वावरला आणि तिथली गाणी सोबत घेऊन आला. या चौघांचा संच पुढे 2009 पर्यंत टिकला आणि बँडचे जे जे म्हणून नाव झाले ते मुख्यतः याच काळात.

बँडच्याच नावाने आलेली 1993 ची पहिली ध्वनिमुद्रिका आज ऐकताना थोडी अवघडलेली वाटते. कल्पना सगळ्या तिथे आहेत, पण त्या अजून एकमेकींच्या अंगवळणी पडलेल्या नाहीत. सुष्मित सेन यांची गिटार मात्र तेव्हाही वेगळी होती. पाश्चात्त्य पद्धतीने स्वरसंघ (कॉर्ड) धरून झंकारण्यापेक्षा ते एका तारेवर सुरावट चालवतात आणि बाकीच्या तारा खाली घुमत ठेवतात. त्यामुळे तंबोरा न लावताही तंबोऱ्याची जमीन तयार होते. अभ्यास म्हणून ही ध्वनिमुद्रिका ऐकावी, विकत घेण्याची घाई करू नये.

'डेझर्ट रेन' हे 1997 मध्ये दिल्लीत पथनाट्यकार सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमाचे थेट ध्वनिमुद्रण आहे. स्टुडिओतली सफाई इथे नाही. तबला मधूनच पुढे येतो, आवाज मधूनच मागे जातो, आणि तरीही मला ती पहिल्या ध्वनिमुद्रिकेपेक्षा कितीतरी अधिक आवडते. हा बँड मुळात बैठकीतल्या कलावंतांसारखा एकमेकांकडे पाहत वाजवणारा आहे. लय वाढवायची कधी आणि थांबायचे कुठे हे ते त्या क्षणी ठरवतात, असे ऐकताना जाणवत राहते. नाट्यसंगीतावर वाढलेल्या सांगलीकराला तर यात मौज वाटावी, कारण ऑर्गन आणि तबला गायकाची वाट पाहत ज्या सावधपणे थबकतात, ती सावधता इथे चारही वाजवणाऱ्यांत आहे.

आता 'कंदिसा'. टाइम्स म्युझिकने 2000 मध्ये काढलेली ही ध्वनिमुद्रिका एकच घ्यायची असेल तर डोळे झाकून घ्यावी. शीर्षकरचना म्हणजे केरळमधील सीरियन ख्रिस्ती लोकांच्या उपासनेतील प्राचीन प्रार्थना आहे. तिची भाषा आपल्यापैकी कोणाच्याही ओळखीची नाही, आणि हेच तिच्या पथ्यावर पडते. अर्थाकडे धावण्याची सोय नसल्यामुळे कान नाइलाजाने आवाजाकडे वळतो. पुरुषांचे आवाज एकावर एक चढत जातात, पण कोणीच दुसऱ्याला झाकत नाही. खाली बासचा ठोका इतक्या विरळ अंतरावर पडतो की दोन ठोक्यांमधली शांतताही रचलेली वाटते. पुढे तालवाद्ये जोर धरतात तेव्हा ते अचानक घडत नाही. भरतीचे पाणी पायऱ्या चढावे तशी लय वर येते, आणि आपण कुठल्या पायरीवर असताना ती आली ते सांगता येत नाही.

याच ध्वनिमुद्रिकेतली 'मा रेवा' ही नर्मदेची गाणी गाणाऱ्या लोकांची ठेव; रेवा म्हणजे नर्मदाच. राहुल राम यांनी ती खोऱ्यातून आणली आणि बँडने तिला हात लावला तो अत्यंत जपून. नदीच्या निर्मळ, खळखळत्या पाण्याची साधी स्तुती आहे; तीत घोषणा नाही की तक्रार नाही. आपल्या भागात मात्र हे गाणे नुसते स्तुती म्हणून ऐकता येत नाही. कोयना धरणासाठी सातारा जिल्ह्यातल्या ज्या माणसांनी गावे सोडली, त्यांतले कित्येक सांगली, सोलापूर, रायगड या जिल्ह्यांत जाऊन वसले. धरणाच्या पाण्यावर शेती करणारे आणि त्याच पाण्याखाली घर गेलेले, असे दोघेही इथे शेजारी राहतात. कृष्णेचे पाणी 2005, 2019 आणि 2021 मध्ये सांगलीच्या घरांत शिरले ते निराळेच. नदीला आई म्हणणे इथे सोपे नाही, आणि गाणे जेव्हा अखेरीस द्रुत लयीत जाऊन नुसते 'रेवा, रेवा' उरते तेव्हा त्यात आनंद किती आणि हंबरडा किती हे ज्याचे त्याने ठरवावे. 'हिल्ले रे' हे गोरख पांडे यांच्या भोजपुरी कवितेवरचे गाणे त्या मानाने उघड आहे. जनतेची पलटण निघाल्याचे ते चालणे आहे, आणि तिथे बास अक्षरशः पावले टाकतो.

बासचा विषय निघाला म्हणून एक व्यावहारिक सूचना. या बँडची गाणी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नये. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर साधारण 41 हर्ट्झचा असतो आणि मोबाइलचा चिमुकला स्पीकर त्याच्या आसपासही पोचत नाही. म्हणजे राहुल राम यांचे निम्मे काम आपल्यापर्यंत येतच नाही आणि उरलेले गाणे पोकळ वाटते. दुसरे टोकही तितकेच वाईट. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींनी आपल्याला बास म्हणजे बरगड्या हलवणारी गोष्ट असे शिकवून ठेवले आहे, आणि गाडीत तसाच आवाज लावून ऐकणाऱ्यांना तबल्याच्या चाटेवरची, म्हणजे कडेवरची, बोटे कधीच ऐकू येणार नाहीत. साधे, कान झाकणारे हेडफोन पुरतात.

आणखी एक गोष्ट इथल्या कानाला चटकन ओळखू येईल. अमित किलम कार्यक्रमात ड्रम्सवरून उठून गबगुबी नावाचे वाद्य घेतात. बाउल या बंगालमधल्या भटक्या गायकांचे हे वाद्य म्हणजे चामडे मढवलेले एक भांडे, चामड्याच्या मधोमध अडकवलेली तार आणि ती तार ताणण्यासाठी मुठीत धरलेले टोक. भांडे काखेत, एका हाताने तार छेडायची आणि दुसऱ्या हाताने ताण कमीजास्त करायचा, की सूर घसरत, उसळत बोलू लागतो. सौंदत्तीच्या वाटेवर यल्लमाच्या जोगत्यांच्या काखेतले चौंडके ज्याने पाहिले आहे त्याला याहून अधिक वर्णनाची गरज नाही, कारण दोन्ही वाद्यांची कुळी एकच. बंगालमधल्या फकिराचे वाद्य दिल्लीच्या बँडमध्ये ऐकताना आपल्याच मंगळवारच्या जोगव्याची आठवण येते, हा माझ्या मते या बँडच्या संगीताचा सर्वांत मोठा गुण आहे. गाणे कुठल्या प्रांतातून उचलले आहे हे ते लपवत नाहीत, आणि तरी ते कुणा एका प्रांताचे ठेवत नाहीत.

2003 ची 'झिनी' ही 'कंदिसा'ची धाकटी बहीण आहे. शीर्षकगीत कबीराचे. कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांनी ज्यांचे कान घडले आहेत त्यांना इथले कबीर-पद थोडे पसरट वाटण्याची शक्यता आहे. मलाही ते तसेच वाटते. वाद्यांचे भाग मात्र पुन्हा पुन्हा ऐकावेत असे आहेत.

त्यानंतर त्यांचे संगीत असलेला 'ब्लॅक फ्रायडे' आला. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा हा चित्रपट न्यायालयीन कारणांनी रखडून 2007 मध्ये पडद्यावर आला. पीयूष मिश्रा यांच्या शब्दांतले 'बंदे' मात्र एका वेगळ्याच पिढीपर्यंत पोचले, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत गायले जाऊ लागले, आणि बँडचा श्रोतृवर्ग पालटला. माझ्या मते त्यांचा नादही इथूनच पालटू लागला. चित्रपटातल्या गाण्याला वेळेचे कुंपण असते; शब्द लवकर यावे लागतात आणि आले की त्यांनीच राज्य करायचे असते. गाणे उत्तम आहे यात वाद नाही. पण पुढे आलेले श्रोते तेच मागणार होते, आणि मागणी तसा पुरवठा हा नियम संगीतालाही लागू पडतो.

25 डिसेंबर 2009 रोजी असीम चक्रवर्ती गेले. त्यांच्यासह केलेले अखेरचे काम '16/330 खजूर रोड' या नावाने 2010 मध्ये आले. दिल्लीतल्या करोल बागेतला हा पत्ता म्हणजे बँड जिथे वर्षानुवर्षे सराव करत असे ते जुने घर. ही गाणी त्यांनी दर महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवर फुकट उतरवून घेऊ दिली, आणि कंपनीच्या करारापेक्षा श्रोत्यांवर विसंबण्याचा हा निर्णय त्या काळात धाडसाचा होता. गाण्यांचा दर्जा एकसारखा नाही. 'बोंधु' आणि 'चांद' यांसाठी ती अवश्य ऐकावी. असीम यांचा किंचित खरखरीत, जमिनीला धरून चाललेला आवाज या गाण्यांच्या मुळाशी आहे, आणि त्यांच्या जागी कोणालाही बसवले तरी ती जागा भरली असे होणार नाही हे इथे कळते.

तरी बँड थांबला नाही. हिमांशू जोशी गायनाला आणि तुहीन चक्रवर्ती तबल्याला आले. 2013 मध्ये सुष्मित सेन बाहेर पडले आणि निखिल राव यांनी गिटार हाती घेतली. हिमांशू जोशी यांचा गळा तयारीचा आहे, तार सप्तकात सहज फिरतो; निखिल राव यांची बोटे चपळ आहेत आणि त्यांच्या वादनात कर्नाटक संगीताच्या गमकांची जाण दिसते. म्हणजे हाताशी आलेले लोक मुळीच कमी प्रतीचे नाहीत. बदलले ते गाण्याचे केंद्र. पूर्वी गिटार बोलत असे आणि आवाज तिला होकार देत असे. आता आवाज बोलतो आणि बाकीचे त्याला साथ करतात. 2014 च्या 'तंदानू'मध्ये हे विशेष खटकते, कारण शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट, कर्श काळे असे मोठे पाहुणे एकेका गाण्यात येतात, आणि पाहुणा आला की घरातली माणसे जशी थोडी सावरून बसतात तसे बँडचे झाले आहे. शंकर महादेवन यांच्या शीर्षकगीताचा उत्साह नाकारता येत नाही, परंतु तो उत्साह त्यांचा अधिक आणि बँडचा कमी.

2015 मधील 'मसान' या चित्रपटाच्या गाण्यांत या नव्या वळणाचे चीज झाले. वरुण ग्रोव्हर यांचे 'तू किसी रेल सी', दुष्यंत कुमारांच्या ओळीवरून उभे राहिलेले आणि स्वानंद किरकिरे यांनी गायलेले, हे मुळातच शब्दांचे गाणे आहे आणि बँडने तिथे मागे राहण्याचा शहाणपणा दाखवला आहे.

2023 ची 'तू है' मी पुष्कळशा शंकेने ऐकायला घेतली, पण ती 'तंदानू'पेक्षा सरस निघाली. कबीराच्या 'इस तन धन की कौन बडाई'मध्ये तर त्यांनी 'झिनी'ची कसर भरून काढली आहे. पद घाईने सांगून मोकळे होण्याऐवजी ते तबल्याला आणि गिटारला मधे मधे वाट देतात, आणि हिमांशू जोशी आपला तयार गळा आवरून धरतात. अजूनही काही ठिकाणी थराथरांनी आवाज चढवून गाणे मोठे करण्याचा मोह दिसतो. भावे नाट्यमंदिरासारख्या बंदिस्त रंगमंदिरात, माफक आवाजात हा संच ऐकायला मिळाला तर त्या मोहाचे काय होते ते पाहायला मला आवडेल.

नव्या श्रोत्याने 'कंदिसा'पासून सुरुवात करावी, ती रुचली तर मागे 'डेझर्ट रेन'कडे जावे आणि मग थेट 'तू है' ऐकावी. 'झिनी' आणि 'खजूर रोड' यांतली निवडक गाणी पुढे सवडीने. ज्यांना शब्द प्रिय आहेत त्यांनी हा क्रम उलटा लावला तरी चालेल, पण हेडफोनची अट दोघांनाही लागू आहे.