बाल्कनीचे पैसे, बिनखिडकीच्या केबिन

संत्र्याच्या अंबिया बहाराचा सौदा झाला, व्यापाऱ्याचा इसार हातात पडला, की वरुड-मोर्शी पट्ट्यात टूरवाले गावोगाव फिरायला लागतात. पूर्वी ते चारधाम आणि रामेश्वर विकायचे, आता क्रूझ विकतात. मुंबईहून निघून गोवा दाखवून परत आणणारं मोठं जहाज, चार वेळचं जेवण आत, पोरांना पोहायचा हौद, म्हाताऱ्यांना बसल्या जागी समुद्र. आमच्या घरचे सतरा जण असे जाऊन आले आणि साडेतीन लाखांहून जास्त रुपयांना बुडाले. जहाज खरं होतं. तिकिटं खरी होती. कोणी पैसे घेऊन पळालं नाही, टूरवाल्याचं ऑफिस आजही बसस्टँडजवळ उघडं आहे. चोरी झाली ती खोल्यांमध्ये, म्हणजे जहाजावर ज्याला केबिन म्हणतात त्यात. त्यातलं आपल्या भागात फार कोणाला ठाऊक नाही, आणि त्याचाच तो धंदा करतो.

आबाजींचं सहस्रचंद्रदर्शन झालं. आजीनं समुद्र पाहिला नव्हता. आत्यानं विषय काढला आणि सगळ्यांनी वाटणी काढून पैसे जमवले. आबाजी-आजी, मोठे बाबा-मोठी माय, आई-बाबा, आत्या आणि तिचे यजमान, दादा-वहिनी आणि त्यांची दोन पोट्टी, मी, बायको आणि आमची लहान मुलगी, शिवाय दोघं लग्नाला आलेले चुलतभाऊ. एवढ्या माणसांत कोण कोणाबरोबर झोपणार हा प्रश्न हॉटेलातही सुटत नाही, जहाजावर तर खोलीच लहान.

टूरवाल्यासमोर दादानं आणि मी सगळं कागदावर मांडलं होतं. सात केबिन. त्यातल्या चार बाल्कनीच्या, चारही म्हाताऱ्या-प्रौढ जोडप्यांना. बाकी तीन खिडकीच्या. आबाजींची केबिन लिफ्टजवळ, जहाजाच्या मध्यावर, कारण टोकाच्या केबिन जास्त हलतात. तिला लागून आई-बाबांची, मधे आतून दार असलेली. रात्री आजीला उठवायला कोणी लागतं. त्यानं सगळं ऐकलं, वहीत लिहिलं, मोबाइलवर बाल्कनीचा व्हिडिओ दाखवला. बाबांना म्हणाला, "काकाजी, तुमी काहीच टेन्शन घेऊ नका. आजीले पलंगावरून समुद्र नाही दिसला तं माह्यं नाव बदलून ठेवा."

भाव ठरला माणशी 38,000. सतरांचे 6,46,000. लहानमोठा सगळा एकच भाव.

इथंच पहिली मेख होती. क्रूझचं भाडं साधारणपणे एका केबिनमध्ये दोन माणसं धरून लावतात. त्याच केबिनमध्ये तिसरं, चौथं माणूस घातलं तर त्या दोघांचं भाडं बहुतेक वेळा बरंच कमी असतं, कारण त्यांना छतातून किंवा भिंतीतून उघडणारा वरचा बर्थ मिळतो, नाहीतर सोफ्याचा पलंग. टूरवाल्यानं आमच्याकडून सतराही जणांचं बाल्कनीच्या तोडीचं भाडं घेतलं आणि कंपनीकडे पाच केबिन बुक केल्या. तीन चौघांच्या, एक तिघांची, एक दोघांची. पाचही आतल्या. आतली म्हणजे इनसाइड, जिला खिडकीच नाही, जहाजातला सगळ्यात स्वस्त प्रकार. वर, केबिन नंबर कंपनीनं द्यायचा अशा अटीवर. हे आम्हाला मुंबईत कळलं.

आम्हाला जो कागद मिळाला त्यावर ठळक अक्षरात 'कन्फर्मेशन व्हाउचर' होतं, जहाजाचा फोटो होता, सतरा नावं होती. केबिनच्या रकान्यात नंबराऐवजी फक्त 'जीटीवाय'. बाबांनी विचारलं, हे काय? तर म्हणे गॅरंटी, म्हणजे तुमची बाल्कनी पक्की, नंबर तेवढा पोर्टवर मिळतो. अर्धं खरं होतं ते. क्रूझच्या धंद्यात गॅरंटी केबिन असा प्रकार खरोखर असतो. त्यात किमान दर्जाची हमी असते, पण कुठल्या मजल्यावर, कुठल्या टोकाला, कोणाच्या शेजारी हे कंपनी आपल्या सोयीनं ठरवते आणि नंबर नंतर देते. म्हणून ती स्वस्त पडते. तुम्ही केबिन निवडून बुक केली तर नंबर तिथल्या तिथं, बुकिंग होतानाच मिळतो. लागून दोन केबिन पाहिजेत, लिफ्टजवळ पाहिजेत, आतून दार पाहिजे, अशा कुटुंबाला गॅरंटी केबिन विकणं म्हणजे सरळ फसवणूक, मग ती बाल्कनीची का असेना. आमची तर तीही नव्हती.

संत्र्याचा बगीचा देताना आम्ही व्यापाऱ्याबरोबर झाड न् झाड फिरून पाहतो. पण न पाहिलेल्या खोलीचं झाड कुठं फिरून पाहणार? पाहता येतं, फक्त टूरवाल्याच्या मोबाइलवर नाही. प्रत्येक जहाजाचा मजल्यांचा नकाशा कंपनीच्या वेबसाइटवर असतो, त्याला डेक प्लॅन म्हणतात. केबिन कुठं, लिफ्ट कुठं, वर काय आणि खाली काय, सगळं त्यात दिसतं. डिस्कोच्या खालची केबिन रात्री एक-दीडपर्यंत धडधडते. खिडकीच्या काही केबिनसमोर जीवरक्षक बोट टांगलेली असते, तिथं काचेतून समुद्राऐवजी बोटीचा पत्रा दिसतो. अशा केबिनचं भाडं कमी असतं आणि ते लिहून दिलेलं असतं.

निघायच्या रात्री आम्ही अमरावती-मुंबई एक्स्प्रेसमध्ये बसलो, बडनेरा मागं पडलं आणि त्याचा फोन आला. पोर्ट चार्ज वाढले, माणशी 2,500, आत्ता टाका नाहीतर सकाळी बोर्डिंग थांबते. सतरा माणसं गाडीत, आजीचे गुडघे बांधलेले, पोरांच्या पिशव्या भरलेल्या. दादानं 42,500 पाठवले. कंपनीच्या काउंटरवर नंतर समजलं की पोर्ट चार्ज बुकिंग होतानाच भरलेले होते, त्यात काहीच वाढ नव्हती. ऐन वेळी प्रवासात असलेल्या माणसाकडून पैसे काढायची ही जुनी रीत आहे, आणि आधीचे पैसे ज्या खात्यात गेले होते त्या खात्याऐवजी हे त्याच्या बायकोच्या खात्यात मागवले होते.

बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर केबिनची कार्डं हातात आली आणि वहिनी आधी हसली, मग गप्प झाली. आम्ही आधारच्या झेरॉक्स ज्या क्रमानं दिल्या होत्या त्याच क्रमानं त्यानं नावं चार-चारच्या गठ्ठ्यात भरली होती. आबाजी-आजी मोठे बाबा-मोठी माय यांच्याबरोबर. माझी आई एका केबिनमध्ये बाबा, आत्या आणि आत्याच्या यजमानांबरोबर. ज्या नंदोयासमोर ती चाळीस वर्षं डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, त्यांच्या अंगावर लटकणाऱ्या बर्थवर तिनं शिडीनं चढायचं. दादाची दोन पोट्टी त्याच्या केबिनमध्ये आली ती केवळ झेरॉक्सचा क्रम बरा लागला म्हणून. मग आम्ही बायांच्या केबिन वेगळ्या, माणसांच्या वेगळ्या अशी वाटणी केली. हे आपसात परस्पर करू नका, रिसेप्शनवर सांगा. धोक्याच्या वेळी कोणी कुठं जमायचं ते केबिनप्रमाणं ठरलेलं असतं आणि जहाज निघायच्या आधी त्याची माहिती प्रत्येकाला घ्यावी लागते. नोंद बदलली नाही तर माणूस चुकीच्या ठिकाणी मोजला जातो.

आतल्या केबिनमध्ये दिवा बंद केला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. आबाजी पहाटे चारला उठणारे. उजाडलं की नाही तेच त्यांना कळेना. "हे खोली होय का भुयार होय बे?" असं त्यांनी रात्रीतून किती वेळा विचारलं. आजीची अडचण बाथरूमची. साध्या केबिनच्या बाथरूमला दारात उंबरठा असतो आणि आत वळायला जागा नसते. गुडघ्याच्या किंवा व्हीलचेअरच्या माणसासाठी रुंद दाराच्या, सपाट फरशीच्या केबिन असतात, पण संपूर्ण जहाजावर मोजक्या, आणि त्या आधीच सांगून ठेवाव्या लागतात. आम्ही सांगितलं होतं. त्याच्या वहीत लिहिलंही होतं.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीची एक केबिन रिकामी मिळाली. वेगळे पैसे भरून आबाजी-आजींना तिकडं हलवलं आणि पावती जपून ठेवली. बाकीच्यांनी रात्र आतल्या केबिनमध्येच काढली. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं तेव्हा तिनं आमची नावं पाहून सांगितलं, "सर, बुकिंग इनसाइड गॅरंटीचंच आहे, चार-चारच्या शेअरिंगनं." भाडं किती भरलं ते सांगायला ती तयार नव्हती, ते एजंटला विचारा म्हणाली. पण बुकिंगचा प्रकार तिनं छापून दिला. तो एक कागद पुढं सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

गावी आल्यावर टूरवाला म्हणाला, कंपनीनं ऐन वेळी बदललं. मग म्हणाला, मी बाल्कनी म्हटलंच नव्हतं. मग म्हणाला, जेवण तं चांगलं होतं ना. पोलीस ठाण्यात हा दिवाणी मामला आहे म्हणून परत पाठवलं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, वकिलाची नोटीस दिली. नोटिशीच्या उत्तरात आपण पैसे खरोखर भरले हे दाखवायला त्यानं कंपनीची पावतीच जोडली. तीन लाखांच्या आसपासची. आपल्याच हातानं त्यानं फरक मोजून दिला. आमच्याकडून त्यानं जीएसटीच्या नावानंही पैसे घेतले होते, पण बिलावर जीएसटीचा पंधरा आकडी-अक्षरी नंबर नव्हता. हा नंबर बिलावर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून धंदा कोणाच्या नावावर आहे ते कोणालाही पाहता येतं.

आता प्रकरण अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांमध्ये 200 रुपये, म्हणून आम्हाला 200 पडले. व्हॉट्सअॅपवर त्यानं पाठवलेला बाल्कनीचा व्हिडिओ आणि त्याखाली दादानं लिहिलेलं "अशीच चार पाहिजेत ना?" आणि त्याचं "हो भाऊ, पक्की" हे आम्ही जोडलं आहे. वहीतलं लिखाण त्याच्याकडंच राहिलं.

ज्यांचा इसार गेला आहे पण बाकी रक्कम जायची आहे, त्यांनी एवढं करा. टूरवाल्याकडून जहाज कंपनीचा बुकिंग नंबर मागा, व्हाउचरचा नंबर नाही. कंपनीच्या वेबसाइटवरच्या फोनवर स्वतः लावा आणि विचारा: किती केबिन, कुठला प्रकार, नंबर ठरले आहेत का, कोणत्या केबिनमध्ये कोणाची नावं, पोर्ट चार्ज आणि टिप यात धरली आहे का. बाल्कनीच्या केबिन आतल्या दारानं जोडलेल्या आहेत की नुसत्या शेजारी, तेही विचारा. नुसत्या शेजारी असल्या तर रात्री एकीतून दुसरीत जायला बाहेरच्या गल्लीतूनच जावं लागतं. बुकिंग नंबर द्यायला टूरवाला टाळत असेल, "ग्रुप ब्लॉक आहे, वेगळा नंबर नसते" म्हणत असेल, तर बाकी रक्कम थांबवा.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका बावीस माणसांच्या घरानं त्याच्याकडं पुढच्या हंगामासाठी एक लाखाचा इसार दिला आहे. त्यांच्या मुलाबरोबर बसून मी कंपनीला फोन लावला. त्या तारखेला त्यांच्यापैकी एकाच्याही नावावर काही नाही. टूरवाला म्हणतो, नावं पोळ्यानंतर चढतात. इसार अजून निघाला नाही.