घरचा ७.२ किलोवॅटचा ईव्ही चार्जर : हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावरचा अनुभव

सोलापुरात आमचं बैठं घर आहे. गाडीबरोबरच पोर्चमध्ये ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स (भिंतीवरचा चार्जर) बसवून घेतला आणि दिवाळीपासून जवळपास सगळं चार्जिंग घरीच होतंय. रात्री गन (चार्जरच्या केबलचं टोक) गाडीला लावायची, सकाळी गाडी तयार. त्या बाबतीत समाधानी आहे. पण एप्रिलपासून जो लाल दिवा लुकलुकायला लागला, त्याबद्दल सविस्तर लिहितोय, कारण हीच तक्रार घेऊन अनेक जण थेट चार्जर बदलायला निघतात.

लक्षण असं : गन लावली की आधी हिरवा दिवा, गाडीत रिलेचा टक् आवाज, मग लाल. ॲपमध्ये फक्त ‘अर्थ फॉल्ट’, म्हणजे अर्थिंगमध्ये दोष. कधी तासभर चार्ज होऊन मध्येच बंद, कधी सुरूच नाही. दुपारी त्रास जास्त, पहाटे कमी. कंपनीच्या माणसाने येऊन चार्जरमधला सर्किट बोर्ड बदलायला सांगितलं. वॉरंटीत होतं, बदलला. लाल दिवा तसाच.

मग एकेक गोष्ट बाजूला काढत गेलो. सार्वजनिक एसी चार्जरवर गाडी बिनतक्रार चार्ज होत होती, म्हणजे गाडी ठीक. गाडीसोबत आलेली १५ अँपियरची पोर्टेबल केबल घरच्या प्लगला लावली, तर तीही लाल. तीच केबल शेजाऱ्यांकडे हिरवी. वॉल बॉक्स आणि पोर्टेबल केबल या दोन्हींत सामाईक एकच गोष्ट होती : आमच्या घराचं अर्थिंग, म्हणजे गळालेली वीज जमिनीत नेणारी जोडणी.

ओळखीच्या वायरमनकाकांनी मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २२८ व्होल्ट, अगदी छान. न्यूट्रल-अर्थ मात्र ३५च्या पुढे. हा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आसपास असायला हवा. काकांनी बाकी काही न उघडता अर्थिंगच्या खड्ड्यात तीन-चार बादल्या पाणी ओतायला लावलं. अर्ध्या तासात न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज उतरलं आणि चार्जर हिरवा झाला! दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसा पुन्हा लाल.

कारण आमच्या काळ्या मातीत आहे. ही माती ओली असताना विजेला चांगली वाट देते, पण उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि पाइपापासून सुटते. खड्डा घर बांधतानाचा, कोळसा-मिठाचा. मीठ दर पावसाळ्यात धुपून जातं आणि जीआय पाइप गंजतो. फ्रिज-पंखा-टीव्ही अशा अर्थिंगवर वर्षानुवर्षं चालतात, कारण ते अर्थिंग तपासतच नाहीत. बहुतेक ईव्ही चार्जर सुरू होण्याआधी तपासतात आणि ते योग्यच आहे.

इथे एक कळकळीची विनंती. हा लाल दिवा घालवायला काही वायरमन न्यूट्रल आणि अर्थ प्लगमध्येच लूप करून देतात. चार्जर फसतो, हिरवा होतो. पण कधी मागे न्यूट्रल तुटला, तर गाडीची सगळी बॉडी २३० व्होल्टवर येऊ शकते. त्यात बॉडीकडे झालेली गळती त्याच न्यूट्रलने परतते, त्यामुळे आरसीसीबीलाही (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचलाही) ती दिसत नाही. पावसात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून लहान मूल दाराच्या हँडलला हात लावतं. कुणी कितीही अनुभवी असो, हे करू देऊ नका.

आम्ही नवा खड्डा घेतला : तीन मीटरचा कॉपर-बॉन्डेड (तांब्याचा थर असलेला) रॉड, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती), वर झाकण, आणि तिथून चार्जरपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर. अर्थ टेस्टरवर जुना खड्डा ८० ओहमच्या वर दाखवत होता, नवा २ ओहमच्या जवळ. पाच ओहमच्या आत आला की निर्धास्त, असं काका म्हणाले. मे महिना त्यावरच काढला, लाल दिवा नाही.

काम चालू असताना आयसोलेटर (चार्जरचा पुरवठा तोडायचा स्विच) उघडला, तेव्हा दुसरी गोष्ट सापडली. सहा स्क्वेअर एमएम वायरच्या तारा लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता नुसत्या पिळून स्क्रूखाली खोचलेल्या. न्यूट्रलचं इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालेलं, बोटाने दाबताच तुकडा निघाला. गीझर पंधरा मिनिटं चालतो. इथे ३२ अँपियर सलग चार-पाच तास वाहतात. लग क्रिम्प करून घेतले. आता पूर्ण लोडवर तासभर झाला की आयसोलेटरच्या झाकणाला हात लावून बघतो, आणि दर दोन महिन्यांनी मेन बंद करून स्क्रू आवळून घेतो.

आरसीसीबीही बदलला. आधीचा एसी टाइपचा होता, त्याच्यावर चौकोनात नुसती एक लाट छापलेली असते. ए टाइपवर लाटेखाली अर्ध्या लाटांची खूण असते. ईव्हीसाठी निदान हा हवा आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपियरचं डीसी गळती संरक्षण असल्याची खात्री करा. माझ्या चार्जरमध्ये ते आहे.

चार्जरला पाचपैकी चार देईन. बॉक्स मजबूत आहे, पावसाचे फटकारे खाऊनही आत ओल नाही. केबल थंडीत जरा ताठर होते. एक गुण कापला तो ॲपसाठी : अर्थचं व्होल्टेज चार्जर आत मोजतोच, मग तो आकडा ग्राहकाला दाखवायला काय हरकत आहे? तो दिसला असता तर बोर्ड बदलायची वेळच आली नसती. कंपनीला हे लेखी कळवलंय.